वहिनी, रस्सा तिखट झाला होता

वहिनी, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला मी हसलो. नुसता गालातल्या गालात नाही. भाताचं घमेलं हातात धरून, मांडवाच्या खांबाला टेकून, पोट दुखेपर्यंत हसलो. तुझ्या फोटोचा हार अजून ताजा होता, मेणबत्त्या जळत होत्या, आणि समोर पंगतीत बसलेली आपली सगळी माणसं तोंडं उघडी टाकून हा-हू करत होती. त्या दिवसापासून हे मनाला लागून राहिलंय. रेखाला सांगितलं तर ती म्हणते, "हसलात तर हसलात, त्यात काय एवढं?" पण बायकोच्या माफीने माझं भागत नाही, हे तुला ठाऊक आहे. तूच म्हणायचीस, "मिलिंदाच्या पायाखाली मुंगी मेली तर हा तिच्या घरच्यांना भेटायला जाईल." म्हणून तुलाच सांगायला बसलोय.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी आठवीत होतो. तुझं माहेर खोपोलीच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी. तुमच्याकडचं तिखट वेगळं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या हातचं खाऊन आमच्या जिभा मऊ राहिलेल्या. हळद फिटली नव्हती तेव्हा तू पहिल्यांदा सुकटीची चटणी केलीस. दादाने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मी एकच घास खाल्ला आणि मडक्याकडे धावलो. तांब्याभर पाणी घटाघटा प्यालो. आग जिभेवर होती ती टाळ्याला गेली, मग घशात, मग कानात. तू तोपर्यंत घरात कुणाशी धड बोलली नव्हतीस. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून तू माझ्यामागे आलीस आणि दुसऱ्या हाताने तांब्या हिसकावलास.

"पाणी नको पिऊ रं! पाण्याबरोबर ती तोंडभर फिरती."

आणि फळीवरच्या डब्यातून गुळाचा खडा काढून तू माझ्या तोंडात कोंबलास. "चघळ. चावू नको. जिभेवर फिरव." मी रडत रडत चघळत राहिलो. हळूहळू आग खाली बसली. तू माझ्याशी बोललेले पहिले शब्द हे. लोकांना आपापल्या वहिनींचं पहिलं बोलणं कसं आठवतं, मला माहीत नाही. माझ्या आठवणीला गुळाची चव आहे.

पुढे मी खोपोलीच्या कारखान्यात लागलो. तिथल्या कॅन्टीनमध्ये एकदा मिसळीने जीव घेतला, तेव्हा शेजारच्याने दह्याची वाटी पुढे सरकवली. दोन चमच्यांत जीभ थंड. मला वाटलं, मोठा शोध लागला. त्या रविवारी गावी आलो तो उंबरठ्यातूनच ओरडत, "वहिनी, तुझा गूळ बाद! तिखटावर दही!"

तू चुलीपुढून मान वर केली नाहीस. "आन् दही नसलं तर?"

"तर दूध. ताक. साय."

"आन् ते नसलं तर?"

तिथून आपला वाद सुरू झाला. मी दर खेपेला नवा पुरावा आणायचो. हातात स्मार्टफोन आल्यावर तर मी त्यावरचं वाचूनच दाखवू लागलो, की मिरचीतली आग पाण्यात विरघळत नाही, ती स्निग्धात विरघळते, म्हणून दूध-दही-तूप. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग तो फोनच चाट." दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

एका दिवाळीत आपण निकालच लावायचा ठरवला. दादाला एक लवंगी मिरची, मला एक लवंगी मिरची. दादापुढे गूळ, माझ्यापुढे दही. तुमची प्रज्ञा तेव्हा शाळेत होती, ती पंच. मी मिरची चावली आणि दह्याची वाटी तोंडाला लावली. दादा मिरची चावून बसूनच राहिला. आपण वाट बघतोय. शेवटी तो म्हणाला, "मला तर लागलीच नाय. गूळ असाच खाऊ काय?" तू त्याच्या पाठीत धपाटा घातलास. "याला काय लागतंय! याच्या जिभेला चामडं हाय." वाद तिथेच राहिला. दरवर्षी आपण म्हणायचो, पुढच्या वेळी दुसरा माणूस घेऊ.

पण तुझा प्रश्न मला फार उशिरा कळला. दही चांगलं की गूळ, असं तू कधी विचारलंच नव्हतंस. तू विचारत होतीस, नसलं तर? तू आलीस तेव्हा आपल्याकडे म्हैस होती आणि तिचं दूध कॅनमधून कशेळ्याला जायचं. घरात चहापुरतं उरायचं. तोंड भाजलेलं पोर समोर उभं असताना हाताशी काय आहे, एवढंच तुला बघायचं असायचं. गूळ कायम असायचा, कारण तू तो कायम ठेवायचीस. खोपोलीच्या घरी मीही फळीवर गुळाचा डबा ठेवतो. तिखट लागलं की आधी हात तिकडेच जातो. तुझ्यासमोर मात्र शेवटपर्यंत दही-दहीच करत राहिलो. ही गोष्ट तुला सांगायची राहिली.

आता त्या जेवणाचं सांगतो.

तू गेलीस तेव्हा गच्चीवर मिरची वाळत होती. तुझ्या जुन्या साड्या अंथरलेल्या, एकीवर बेडगी, एकीवर संकेश्वरी, कोपऱ्यातल्या हिरव्या साडीवर लवंगी. वर्षाच्या मसाल्याची सगळी तयारी करून तू गेलीस. शेवटची माणसं परतल्यावर मी गच्चीवर गेलो, तर लालभडक मिरची उन्हात तशीच पसरलेली. खाली येऊन दादाला विचारलं, "दादा, मिरचीचं काय करायचं?"

दादा मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, "दे कुणाला तरी. या घरात आता मसाला व्हायचा नाय."

वहिनी, ते ऐकून मी घाबरलो. तो रडला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. ज्या माणसाने उभा जन्म तुझ्या हातचा जाळ खाल्ला, तो दोन्ही वेळा दहीभात खात होता. मीठसुद्धा मागत नव्हता. प्रज्ञा बदलापूरहून येऊन राहिली होती. ती अंड्याचा रस्सा करायची, सुकट भाजायची. तो ताट बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "नको गं. दहीभात दे." कुणी भेटायला आलं की हात जोडायचा, बाहेर यायचा नाही. बोलण्यात एक होतं, सगळं आवरून घ्यायचं. भांडी कुणाला तरी द्यायची. चूल काढून टाकायची. मिरची ही फक्त सुरुवात होती. मला वाटलं, ही मिरची दिली की एकेक करून हा सगळं घर देऊन टाकेल आणि मग भिंतीकडे तोंड करून बसायला मोकळा होईल.

म्हणून मी त्याचं ऐकलं नाही. प्रज्ञाला म्हटलं, "मसाला करू. आणि पुण्यानुमोदनाचं जेवण त्याच मसाल्यात करू. आईचं काम अर्धं राहायला नको." कर्जतचे एक पाहुणे बसले होते, ते म्हणाले, "सुतकात मसाला करत नाय रं." प्रज्ञा ताडकन म्हणाली, "मामा, आपल्यात सुतक कधीचं गेलं. आई असती तर तुमालाच देठं काढायला बसवलं असतं." पाहुणे चहा पिऊन उठले.

मग मी आणि प्रज्ञा गच्चीवर देठं काढायला बसलो. तू दरवर्षी बसायच्या आधी हाताला खोबरेल चोपडायचीस, हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि मी हात कोरडे घेऊन बसलो. थोड्या वेळाने बोटं गरम लागू लागली, मग चुरचुर, मग असं वाटू लागलं की कुणी निखारे धरायला दिलेत. त्यातच मी डोळा पुसला. वहिनी, मी गच्चीवर उड्या मारत होतो. खाली येऊन हात बादलीत घातले तर आणखी भडका. प्रज्ञा ओरडतेय, "काका, पाणी नको!" दादा मधल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेतली, माझ्यासमोर ठेवली आणि आत गेला. तू गेल्यापासून त्याने आपण होऊन केलेली ही पहिली गोष्ट. मी हाताला तेल चोळत बसलो आणि मनात म्हटलं, अजून एकदा भाजून घेतलं तरी चालेल.

प्रमाणाचा प्रश्न आला तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "आई घरी मापायची नाय. जेवढी हवी तेवढीच बाजारातनं आणायची. गच्चीवरचं सगळं डंकावर कुटायला." खरंच होतं. तुझं माप बाजारातच ठरायचं. कोणती किती, हे तू पिशव्या उचलून ठरवायचीस. घरी आणल्यावर उरायचं काही नाही आणि कमी पडायचंही नाही. म्हणून आम्ही गच्चीवरची एकूण एक मिरची झटकून भरली. प्रज्ञाने दिवसभर खडा मसाला भाजला, मिरची भाजली. शिंकून शिंकून तिचं नाक बंद झालं. मी सगळं जीपमध्ये घालून कशेळ्याच्या डंकावर नेलं. डंकवाल्याने मिरची ओतताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. "वैनींचा मसाला ना? यंदा लवंगी लय दिसती." मी म्हटलं, "त्यांनीच आणलीय." तुझं नाव घेतल्यावर तो पुढे काय बोलणार?

जेवणाच्या दिवशी वाल-बटाट्याचा रस्सा चढला. रंग असा सुंदर की बघत राहावं. मी पळीतून थेंबभर हातावर घेऊन चाटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रज्ञाला म्हटलं, "अगं, फार तिखट झालाय."

ती म्हणाली, "काका, तुमाला वरणसुद्धा तिखट लागतं." तिला स्वतःला तर सर्दीने चवच कळत नव्हती. तिथल्या बायका हसल्या. मीही गप्प बसलो. मी लावून धरायला हवं होतं. पण ज्या माणसाला वरण तिखट लागतं, त्याचं कोण ऐकणार, असं माझं मलाच वाटलं.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. तुझ्याबद्दल दोन-तीन जण बोलले. सगळे म्हणाले, वहिनींच्या हाताला चव होती. मग पंगत बसली. लोकांच्या आग्रहाने दादाही बसला, पहिल्या पंगतीत, तुझ्या फोटोसमोर. त्याच्या पत्रावळीवर रस्सा पडला. त्याने नको म्हणायच्या आत पडला.

पहिला सुस्कारा कुठून आला, कळलं नाही. मग दुसरा. मग पंगतभर सी-सी, हा-हा सुरू झालं. माणसं मान खाली घालून खात होती, कारण पुण्यानुमोदनाच्या जेवणाला नाव कोण ठेवणार? नाकं गळत होती, डोळे वाहत होते, आणि कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी तुझी आठवण येतेय असंच सांगितलं असतं. मग एकजण पाण्याच्या जगकडे झेपावला आणि मी ओरडलो, "पाणी नको! पाण्याबरोबर ती तोंडभर फिरती!" त्यानंतर बांध फुटला.

"बुंदी आणा, बुंदी!"

"मीठ चाट, मीठ."

"गरम चहा पाजा, उतरतंय लगेच."

"चहा काय पाजतोस, अंगाची आग झालीय इथं!"

बुंदीचं पातेलं बघता बघता रिकामं झालं. बौद्धाचार्य कोरडा भात चावत बसले होते, त्यांचा चेहरा शांत होता, फक्त कान लाल झाले होते. मी आत धावलो, दादासाठी विरजलेल्या दह्याचं भांडं आणलं आणि चमचा-चमचा वाढत सुटलो. निम्मी ओळसुद्धा झाली नाही तोवर भांड्याचा तळ लागला. समोर एक म्हातारी आ करून बसलेली आणि माझ्या चमच्यात काही नाही. आणि वहिनी, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, "आन् दही नसलं तर?"

त्याच वेळी हिराकाकू आली. ती आपली शेजारीण, पण सीझनला माथेरानच्या हॉटेलात कामाला असते. तुझ्या अंत्ययात्रेला उतरली होती आणि लगेच परत वर गेली होती. आज नेरळहून जीप मिळायला उशीर झाला, म्हणून थेट पंगतीलाच बसली. एक घास घेतला, डोळे मिटले, उघडले.

"प्रज्ञे, लवंगी किती घातलीस गं?"

"गच्चीवर होती ती सगळी."

"सगळी? हिरव्या साडीवरची सगळी?" हिराकाकूने कपाळावर हात मारला. "अगं बया! त्यातली निम्म्याच्या वर माझी हाय! तुझ्या आईला मीच बोलली, माझी पण आण, सीझन संपला की नेते."

मी दह्याचं रिकामं भांडं ठेवून भाताचं घमेलं उचललं होतं. डोळ्यांपुढे तो डंकवाला आला, सारखा माझ्याकडे बघणारा. दोन घरांची लवंगी एका घरच्या रश्शात, आणि सगळा गाव तुझ्या हाताच्या चवीचं कौतुक करून जेवायला बसलेला. मला आवरलंच नाही. मी हसायला लागलो. माझ्यामागे प्रज्ञा. मग हिराकाकू, तोंडात आग आणि डोळ्यांत पाणी घेऊन. मग ती आ करून बसलेली म्हातारी. सगळी पंगत हा-हू करत हसत होती. एवढ्या मोठ्याने तुझ्या दारात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

आणि मला दादा दिसला. तो हसत नव्हता. त्याचं तोंड लाल झालं होतं, ओठ थरथरत होते, कपाळावरून घाम ओघळत होता. इतके दिवस दहीभात खाऊन त्या चामड्याच्या जिभेचं पार लोणी झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा दादाला तिखट लागलं होतं, आणि तिखट लागल्यावर माणूस काय करतो, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी काहीतरी हातात देईल, असं.

"गूळ," तो म्हणाला. "गूळ कुठं ठेवती ती?"

'ठेवायची' नाही म्हणाला. 'ठेवती' म्हणाला. मी हसायचा थांबलो.

"फळीवर," प्रज्ञा म्हणाली. "आणू का?"

तो आधीच उठला होता. आत भांडी खडखडली, एक डबा पडला. तू जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेली अख्खी ढेप काखेत आणि बत्ता हातात घेऊन तो बाहेर आला. उंबरठ्यावर बसला आणि ढेप फोडू लागला. पहिला खडा स्वतःच्या तोंडात टाकला. मग उठून पंगतीत शिरला, एकेकाच्या हातावर खडा ठेवत. "चघळा. चावू नका. जिभेवर फिरवा." त्या म्हातारीला दात नव्हते, तर तिचा खडा त्याने बत्त्याने बारीक करून दिला. बौद्धाचार्यांना दोन दिले. माझ्याजवळ आला तेव्हा मी हात पुढे केला, तर म्हणाला, "तू दहीवाला ना?" आणि तरी दिला.

ढेप पंगतीला पुरली. त्यावरून मी वाद हरलो, असं तू म्हणशील. वहिनी, तू वर बसून खुशाल म्हण, पण दही जेवढ्यांना मिळालं ते जास्त लवकर शांत झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हे तुझ्यापुढे बोलायला मिळावं, म्हणून मी काहीही दिलं असतं.

हळूहळू सगळ्यांची तोंडं थंडावली. गालात गूळ धरून माणसं बोलू लागली, तुझ्याबद्दल, आता खरंखुरं. हिराकाकू मात्र धुसफुसत होती. "माझी लवंगी तुमी सगळ्यांनी खाल्ली. मी वर्षभर काय खाऊ?"

दादा तिच्यासमोर उकिडवा बसला. "निम्मा मसाला तू ने."

"हा? हा नेऊन काय घर पेटवू?"

"वरनं बेडगी कुटून घाल. निवंल." तोंडात गूळ, त्यामुळे शब्द बोबडे. "तुझी वेगळी हाय, हे तिनं सांगायचं तरी."

"सांगंल कशी? अशी जाईल हे तिला तरी ठाऊक होतं काय रं?"

प्रज्ञा रिकामं पातेलं घेऊन तिथेच थांबली. दादाने गूळ एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. मला वाटलं, आता हा उठेल आणि परत त्या भिंतीकडे जाईल.

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तुझी लवंगी गच्चीच्या त्या टोकाला टाकू. एकीत एक नको."

दादा काय बोलून गेला, हे हिराकाकूच्या लक्षातही आलं नाही. ती म्हणाली, "टाकशील रं, पण कावळे बघायला कोण बसंल?" आणि दादा म्हणाला, "मी काय मेलो काय?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

दादा आपल्या जागी परत गेला. पत्रावळ तशीच होती, भात गार झालेला. त्याने बाह्या वर सारल्या, तुझ्या फोटोकडे जरा रागानेच पाहिलं आणि भाताला मधोमध खळगा केला.

"प्रज्ञे," तो म्हणाला, "रस्सा वाढ गं."